प्लेटखालची पाच बोटं

मेलेल्या माणसाला स्वप्नात येऊन काय मिळतं, याचा हिशेब मी चटईवर पडल्या पडल्या करतेय. कॉफी मिळत नाही, गल्ला मिळत नाही. बायकोची शाबासकी हवी असेल तर बायकोच्या उशाशी जावं. धाकट्या भावाच्या बायकोकडे काय ठेवलंय? तरी पुंडलिक भाऊजी माझ्याच पायथ्याशी उभे आहेत, दुकानातला खाकी एप्रन घालून. म्हणजे काम मोठं असणार. हा माणूस उगाच कुणाच्या दारात उभा राहणारा नव्हे.

दुपारची जेवणं झालीत. माझे डोळे अर्धे मिटलेत. माजघरात वर्तमानपत्रावर भाऊजींचं कॉफी दळायचं यंत्र आहे आणि त्याच्या शेजारी आमचे हे, हातात पाना धरून घोरताहेत.

भाऊजी दवाखान्यात वारले तेव्हापासून खडे बाजारातलं कॉफीचं दुकान बंद आहे. आता शालनताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ते पुन्हा उघडायचं मनावर घेतलंय. नाही जमलं तर मुलाकडे हुबळीला जायचं, नातवंडांचे डबे भरत बसायचं. एका खानावळीनं पुडीचा, म्हणजे दळलेल्या कॉफीचा, नमुना मागितलाय, तोही आज संध्याकाळी. जुन्या प्लेटांचे दात झिजले म्हणून ह्यांनी बेंगळूरहून नव्या दातेरी प्लेटा मागवल्या, चांगल्या पोलादाच्या. कालपासून बसवताहेत. आणि यंत्रातून पडतंय काय? अर्धी पिठी, अर्धा रवा.

"कुमुद, झोपलीस काय?"

"झोपल्याशिवाय तुम्ही दिसाल कसे?"

"तोंड अजून तेच आहे की तुझं." भाऊजी यंत्राजवळ उकिडवे बसतात. "प्लेट तिरकी बसलीय."

"कितीदा आवळली ह्यांनी."

"आवळून काय होतंय? खाली बघितलं काय मारुतीनं?"

मी उठून बसते तर माजघराची भिंत नाही. दुकानाचा कट्टा आहे, मागं पत्र्याचे डबे. गिऱ्हाइकं रांगेत आहेत, पण सगळ्या दवाखान्यातल्या नर्सा. कुणालाच काही वाटत नाही.

"पाव किलो. चिकोरी कमी," पहिली म्हणते.

"उद्या या," भाऊजी सांगतात. "मालक आजारी आहे."

मग ते प्लेट उचलतात. खाली लोखंडी बैठकीवर लाल पापुद्रा आहे आणि त्यावर पाच बोटं. खंडेनवमीला लोक यंत्राला बाहेरून कुंकू लावतात. भाऊजींचं समाधान आतून लावल्याशिवाय व्हायचं नाही. प्लेट काढायची, बैठकीवर तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं उमटवायची, वर प्लेट चढवायची. दर वर्षी जुन्यावर नवी. त्या थरावर बसूनच जुन्या प्लेटा झिजल्या, म्हणून त्यांना तो कधी टोचला नाही. नव्या प्लेटा पडल्या नव्या सुना. त्यांना घरातल्या खोडी काय ठाऊक?

ह्यांनी काल सगळं यंत्र खरवडून काढलं, एवढं सोडून. शालनताईंनी हात धरला. "शेवटची बोटं आहेत ती त्यांची. राहू देत." आणि कुंकवाला कसली आलीय जाडी, असं म्हणून ह्यांनी वर प्लेट चढवली.

"खरवड ते," भाऊजी म्हणतात.

"मी? ताई मला उभी चिरतील. तुम्हीच सांगा की त्यांना."

"गेलो होतो. रडायलीय ती. रडणाऱ्या बाईला प्लेट तिरकी आहे म्हणून सांगू?"

"म्हणजे मी दगड."

"तू झोपतीस तरी."

"भाऊजी, खूण एवढीच राहिलीय तुमची."

"खूण पाटीवर असतीय. इथं दळायचं असतंय."

ते माझा अंगठा धरतात आणि पहिल्या बोटावर दाबतात. कुंकू ओलं आहे. कट्टा आता लांबच लांब होतोय, त्याचा दवाखान्यातला बाक झालाय. भाऊजी पलीकडच्या टोकाला हिरव्या झग्यात बसलेत, मांडीवर ट्रे, ट्रेमध्ये भाजलेल्या बिया. एक दाताखाली फोडतात.

"जास्त भाजलीय," म्हणतात, आणि बाक रिकामा.

मी जागी होते. हे घोरताहेत. प्लेट जागच्या जागी, तिचे स्क्रू आवळलेले. माझ्या अंगठ्याच्या नखात लाल भरलंय. मी टिकली लावते, कुंकू नाही, आणि आज देवपूजा ह्यांनी केलीय.

शालनताई मागच्या दारी भांडी पालथी घालताहेत. मी अंगठा दाखवते, सगळं सांगते.

"तुझ्याकडं आले?" त्या म्हणतात. "माझ्याकडं यायला काय झालं होतं?"

"तुम्ही रडत होता म्हणाले."

त्या हातातलं भांडं पालथं घालतात. पदराला हात पुसून आत येतात. "मारुती भाऊजी, उठा. काढा ती प्लेट."

प्लेट निघते. शालनताई आपली पाच बोटं त्या पाच बोटांवर ठेवतात. त्यांची आखूड पडतात. मग स्वयंपाकघरातून उलथनं आणतात, आम्हा दोघांना बाजूला सारतात आणि बैठक चकचकीत होईपर्यंत खरवडतात.

ऊन कलताना पुडी पडते ती चिमटीत चोळली तरी एकसारखी. खानावळवाला वास घेऊन दुकान कधी उघडणार ते विचारतो. ह्यांच्या हुशारीचं कौतुक गल्लीभर होतं. भाऊजींचं काम झालं. माझी दुपारची झोप गेली, ती उद्या भरून निघेल. शालनताईंकडची भाऊजींची बोटं मात्र गेली ती गेलीच.