माथ्यावरून काढलेलं वस्तुमान

दुसऱ्याचं उत्तर मी माझं म्हणून सांगितलं. तेही माझ्याच जुन्या विद्यार्थिनीचं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं सजवून सांगायचा मोह होणार नाही.

जयसिंगपूरला वीस वर्षं बारावीला भौतिकशास्त्र शिकवून सत्तेचाळिसाव्या वर्षी मी कोल्हापुरात पीएच.डी.च्या कोर्सवर्कला बसलो. वर्गात पाचजण. त्यातली एक चंदगडची, मामाकडं राहून बारावी माझ्याच वर्गात केलेली. ती अजून मला ‘सर’ म्हणायची. बाकीची पोरं चिडवायची, “सर, आता बाकावर उभं राहायची पाळी तुमची हाय बघा!”

सेमिनारला माझा विषय सममितिभंग. परातीच्या मधोमध उंचवटा असावा आणि त्यावर गोटी ठेवावी, तसं ते चित्र. सगळ्या दिशा सारख्या, तरी गोटी माथ्यावर टिकत नाही. एका बाजूला घरंगळते आणि तो सारखेपणा मोडतो. कणांचं वस्तुमान काढायचं ते गोटी स्थिरावली त्या जागेपासून. मी माथ्यावरूनच काढत बसलो होतो. वस्तुमानाचा वर्ग ऋण आला. पुस्तकात छपाईची चूक असेल म्हणून मी समीकरणातलं चिन्ह सरळ बदललं. बारावीच्या पोरानं असं केलं असतं तर मी गुण कापले असते.

कँटीनमध्ये तिनं माझे कागद पाहिले. “सर, पुस्तकातलं चिन्ह बरोबर हाय की! तुम्ही वरनं मोजताय. खाली उतरा.” मागच्या कोऱ्या बाजूला तिनं चार ओळींत ते सोडवलं.

दुसऱ्या दिवशी सेमिनारमध्ये त्याच चार ओळी मी फळ्यावर लिहिल्या.

“हे कुणाच्या लक्षात आलं?” सेमिनार घेणाऱ्या मॅडमनी विचारलं.

“माझ्याच.”

दुसऱ्या बाकावर तिनं वहीत डोकं घातलं.

आमच्याकडं कणभौतिकीच्या सिद्धांतावर संशोधन करवून घेणाऱ्या त्या एकट्याच मॅडम, आणि त्यांच्याकडं जागा एकच. ती त्यांनी मला देऊ केली. आठवड्यानं ती पोरगी मला म्हणाली, “सर, मी बी.एड.चा फॉर्म भरते. घरीपण तेच म्हणतात.” तक्रारीचा एक शब्द नाही. तक्रार केली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिनं फॉर्म भरायच्या आत मी मॅडमना गाठलं आणि सगळं सांगितलं.

“वीस वर्षं कॉपी पकडलीत की हो तुम्ही!” त्या म्हणाल्या. “जागा तिची. तुम्ही पुढच्या वर्षी या, अभ्यास सोडू नका. पण मला एकटीला सांगून भागायचं नाही. जिथं खोटं बोललात तिथंच बोला.”

जिना उतरताना कितीतरी दिवसांनी मला मोकळा श्वास घेता आला.

सोमवारी वर्ग भरला. मी फळ्यापाशी गेलो, पण तोंड तिच्याकडं केलं.

“त्या चार ओळी तुझ्या होत्या. तू समोर बसलेली असताना मी त्या चोरल्या. पोरी, माझं चुकलं. मला माफ कर.”