नुसतं हो

हेडफोनमध्ये एखादा वैमानिक नुसतं 'रॉजर', म्हणजे 'ऐकलं', एवढंच म्हणाला, की माझ्या नाकात ओल्या मुरमाचा वास शिरतो. फुलसावंगीजवळच्या आमच्या शेतात विहीर खोदणं चालू होतं आणि मी आंब्याखाली हवाई वाहतूक नियंत्रकाच्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक घेऊन बसले होते. जागा मोजक्या, अर्ज ढिगानं, म्हणून एकेक पान पाठ करायची. यारी, म्हणजे विहिरीतून दगड वर ओढायचं यंत्र, चालवणारे काका दगडांचा डोल वर ओढण्याआधी खाली ओरडायचे, "आंब्याच्या बाजूले सरक!" खालचा माणूस तेच शब्द परत म्हणायचा, मगच डोल हलायचा. त्या दिवशीही काका तेच ओरडले, पण पाणी उपसणाऱ्या इंजिनाच्या धडधडीतून खालून फक्त "हो" आलं. काकांचा हात दांड्यावर थांबला. मी वैतागून म्हटलं, "काहून थांबले, काका? हो म्हणून राह्यला ना तो." "पोरी, हो म्हंजे त्यानं आयकलं. काय आयकलं, ते कुठं सांगतलं?" त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. "कोन्या बाजूले हायेस?" "धुऱ्याच्या! तुमीच म्हनलं ना!" त्याला धुऱ्याकडून, म्हणजे बांधाच्या बाजूनं, आंब्याकडे सरकवून डोल ओढला, तर अर्ध्यावर डोक्याएवढा दगड निसटला आणि धुऱ्याच्याच बाजूला आदळला. काल संध्याकाळी, कंट्रोल टॉवरमध्ये कामावर असताना, धुक्यात एका वैमानिकाला मी उंची सांगितली. तो म्हणाला, 'रॉजर.' मी आकडा परत म्हणायला लावला. त्यानं म्हटलेला आकडा मी मिनिटभरापूर्वी दुसऱ्याच विमानाला दिला होता.