बेटावर नेलेलं पाणी

केज तालुक्यातल्या एका शाळेत मी बावीस वर्षं लक्षद्वीप शिकवतोय. भूगोल, लोकजीवन, अर्थव्यवस्था, असं तीन मुद्द्यांचं उत्तर. सपाट पोवळ्यांची बेटं, ना नदी ना डोंगर. नारळ, काथ्या आणि मासेमारी. घरदार आईकडून लेकीकडे जातं. आणि शेवटची, अधोरेखित ओळ: गोड्या पाण्याची टंचाई. हे सगळं मी डोळे मिटून लिहून देतो. डोळे उघडून सांगण्यासारखं काही नव्हतंच, कारण समुद्र मी पाहिलेला नव्हता. धनेगावचं धरण भरलं की मला काठावरच गरगरतं.

माझी एकुलती एक लेक माझ्याच वर्गात होती. हे उत्तर तिला तोंडपाठ. पुढं तिनं अंबाजोगाईला नर्सिंग केलं आणि एक दिवस लक्षद्वीपच्या एका बेटावरची कंत्राटी नोकरी घेऊन घरी आली. मी नाही म्हणालो. ती इतक्या लांब गेली तर घर खायला उठेल, हे खरं कारण. ते सांगायची लाज वाटली म्हणून भूगोल पुढं केला. आपल्याकडं निदान टँकर तरी येतो, तिथं प्यायला पाणी कोण देणार, असं विचारलं. लेकीच्या आधी बायकोच बोलली.

"लोकाच्या लेकरांला बेटं शिकविताव, अन् आपल्या लेकीला बांध वलांडू देईनात."

मी हरलो, पण शहाणपणा गेला नाही. निघताना घरच्या बोअरचं पाणी दोन मोठ्या कॅनमध्ये भरलं, बुचांवर प्लास्टिक आवळलं, आणि दोन गाड्या बदलत ते कोचीपर्यंत पायाशी धरून नेलं. आमच्याकडं पाहुण्याला पोतंभर ज्वारी देतील, पण पाणी बांधून देणारा मी पहिलाच. बंदरावरच्या हमालानं आत काय म्हणून खुणेनं विचारलं. मी समुद्राकडं पाठ करून पाणी प्यायची खूण केली. तो लई हसला. लेकीनं माझं मन राखायला एक कॅन जहाजावर नेला. दुसरा मी परत आणला आणि कुणी विचारू नये म्हणून एसटीत बाकाखाली ढकलला.

आठवड्यानं मी फोन लावला. नुसता फोन नव्हता. तू परत ये, हे सांगायचं ठरवूनच लावला होता. आधी आडवळणानं पाण्याचं विचारलं. कॅन घरमालकीण आजीला चहाला दिला, असं ती म्हणाली. आजीनं एक घोट घेऊन कप खाली ठेवला. पाणी मचूळ आहे म्हणाली.

मग लेकीनं मला भूगोल शिकवला. तिथं घरोघर आड आहे. वाळूखाली खाऱ्या पाण्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगत राहतं. जपून उपसावं लागतं, पण वाकलं की हाताला लागतं. बावीस वर्षांत ही ओळ मी कुणाला लिहून दिली नव्हती.

"पप्पा, पयल्या दिवशीच आजीनं बादली माझ्या हातात दिली," ती म्हणाली. "कोण, कुठली, काय बी न्हाई विचारलं. मला आज्याची आठवण आली."

तिचा आजा म्हणजे माझे वडील. गावच्या विहिरीपासून लांब घागर ठेवून उभे राहायचे, कुणी वरून ओतील म्हणून. तासन्‌तास उभे राहायचे. ही गोष्ट मीच तिला लहानपणी सांगितली होती. सांगून विसरलो होतो.

तिनं विचारलं, फोन कावून केलता?

"असंच," मी म्हणालो. "ऱ्हा तिथंच."

फोन ठेवला आणि घर खायला उठलं, ते उठलंच.