लाताइचं नाटक आणि पाठमोरा भाऊ

फिजीची राजधानी सुवा, तिथल्या विद्यापीठात टोंगा बेटांवरची मुलं येतात ती हिशेब शिकायला, नाहीतर मास्तरकीला. लाताइ आली ती साहित्य आणि नाटक शिकायला. टोंगातल्या वावाउ बेटावरून तिच्या बापाने आपल्या थोरल्या बहिणीला, माकेलेसीला, फोनवर विचारलं, "नाटक शिकून पोट भरतं का गं?"

"तुझं भरलंय ना? मग गप बस," माकेलेसी म्हणाली आणि विषय संपला. टोंगात आत्याचा शब्द आधी. बापाचा त्यानंतर, तोही आत्याला ऐकायला वेळ असेल तर.

तेव्हापासून लाताइ सुवात आत्याकडेच राहायची. पोरगी कामाला वाघ. पहाटे उठून कसाव्याचे कंद उकडायला टाकायची, नारळ खवायची आणि खवणीवर बसल्या बसल्या संवाद पाठ करायची. बिनकाचेच्या बसमध्ये पावसाचे शिंतोडे अंगावर घेत जुनी ग्रीक नाटकं वाचायची, आणि एखाद्या राणीचा राग आला की शेजारच्या बाईला सगळी हकिगत सांगायची. बाई बिचारी कधीकधी आपला थांबा चुकवायची.

पहिल्या वर्षी तिचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नसे. चांगल्या घरातल्या मुलीने हळू बोलावं, हे अंगात मुरलेलं. मग ती रोज संध्याकाळी धक्क्यावर उभी राहून समुद्राकडे तोंड करून संवाद म्हणू लागली. कोळी आधी फिदीफिदी हसले. पुढे तेच जाळी बाजूला ठेवून ऐकायला बसू लागले आणि ती एखादा दिवस आली नाही तर चौकशी करू लागले. इतकी चिवट पोर शोधून सापडायची नाही.

एक मात्र होतं. कालाफी घरात असला की तिच्या तोंडून संवाद फुटत नसे. कालाफी आत्याचा मुलगा, म्हणजे तिचा भाऊच. सख्खा आणि आतेभाऊ असा भेद टोंगात कोणी करत नाही. आणि बहीणभावाची अदब मोठी कडक. ती खोलीत आली की तो ओसरीवर जायचा. दोघं एकत्र टीव्ही पाहत नसत. कोणी चावट बोललं आणि दोघांच्याही कानावर पडलं, तर एकाने तरी उठायचंच. ती दारातच उभी असली तरी तो म्हणायचा, "आई, तिला सांग, आभाळ भरलंय, छत्री ने." या अदबीत माया किती होती हे ज्याचं त्याला ठाऊक.

शेवटच्या परीक्षेसाठी लाताइने स्वतःच नाटक लिहिलं. पुरुषांची कावा, म्हणजे एका मुळीचं गुंगी आणणारं पेय, पिण्याची बैठक, आणि त्यांना ते वाढणारी मुलगी. अशा बैठकीत बाप्ये वाढणारीची थट्टा करणार, गाण्यांतून लाडीगोडी लावणार, म्हणून ती तिथल्या कोणाचीच बहीण असता कामा नये, हा नियमच. नाटकात शेवटी सगळे उठून जातात आणि रात्रभर मान खाली घालून हसलेली ती मुलगी पहिल्यांदा मनातलं बोलते. हे काम लाताइच करणार होती. कालाफी त्या सभागृहाकडे फिरकणार नाही, हे कोणी बोलायचीही गरज नव्हती.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी दिवे सांभाळणारा ओसेआ दुसऱ्या बेटावर अडकून पडला. समुद्र खवळला आणि बोट रद्द झाली.

"परीक्षक बाई उद्या परत जाणार," नाटक शिकवणारे तावीता सर म्हणाले. "आज प्रयोग झाला नाही तर तुझं वर्ष गेलं, पोरी."

"अगं, तुझा भाऊ चर्चच्या जत्रेत दिवे लावतो ना?" श्रीनिका म्हणाली. ती सुवाचीच, लाताइची वर्गमैत्रीण. "बोलाव की त्याला!"

"त्यापेक्षा मी नापास होते," लाताइ म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं.

घरी येऊन ती आत्यापुढे ढसाढसा रडली. माकेलेसीने ऐकून घेतलं आणि ओसरीकडे तोंड करून हाक मारली, "कालाफी! दिवे लावायला डोळे लागतात का रे?"

"हात लागतात," बाहेरून उत्तर आलं.

"मग भिंतीकडे तोंड करून उभा राहा. कानात ते यंत्र घाल आणि भजनं लाव मोठ्यांदा."

"आणि केव्हा काय करायचं, कसं कळणार?"

"मी मारीन खांद्यावर. एक थाप म्हणजे उजेड, दोन म्हणजे मंद, तीन म्हणजे अंधार. लहानपणी तुला कमी मारलंय का? हात अजून तयार आहे."

मग कालाफी म्हणाला, "आई, तिला चालेल का, ते विचार."

"आत्या, सांग त्याला," लाताइ डोळे पुसत म्हणाली, "चालेल म्हणावं."

सभागृह जुनं, लाकडी जमिनीचं. दिव्यांचं टेबल फिरवून मागच्या भिंतीला लावलं. कालाफी पाठमोरा उभा, शेजारी खुर्चीवर माकेलेसी, मांडीवर पंखा. नाटक सुरू झालं आणि लोक हसून हसून बेजार झाले. थापा वेळेवर पडत होत्या, जरा जोरातच. मग बैठक उठली आणि लाताइ एकटी राहिली. धक्क्यावर कमावलेला तो आवाज आता तिने अगदी खाली आणला, तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचत होता. "सगळ्यांना वाढलं," ती म्हणाली, "पण तुला तहान आहे का, हे मला कोणी विचारलं नाही."

इथे अंधार व्हायचा होता. झाला नाही. माकेलेसी पंख्यात तोंड खुपसून रडत होती.

लाताइ लख्ख उजेडात उभी. पुढे एकही वाक्य लिहिलेलं नाही. दुसरी असती तर पळाली असती. ती खाली बसली आणि कावाचं भांडं धुऊ लागली. सावकाश धुतलं, पुसलं, पालथं ठेवलं आणि आपल्या पायांनी चालत आत गेली. रिकाम्या जागेवर दिवा तसाच जळत राहिला. मग सगळं सभागृह उभं राहिलं.

"शेवटी अंधार न करण्याचं धाडस मला फार आवडलं," परीक्षक बाई म्हणाल्या. तावीता सरांना एकदम खोकला आला. लाताइ पहिली आली.

रविवारी जेवणं झाल्यावर मायलेक ओसरीवर बसले होते. लाताइ आत भांडी घासत होती. तिला ऐकू जातंय हे त्याला कळू नये, म्हणून तिने नळ चालूच ठेवला होता.

"तू शेवटच्या थापा विसरलीस ना?" कालाफी म्हणाला.

"तुला रे काय माहीत? तुझ्या कानात तर भजनं."

"पायाखालच्या फळ्या सांगत होत्या. लोक हसले की थरथरायच्या. मग एकदम गप्प झाल्या. म्हटलं, आता ती बोलत असणार."

"मग एकदा तरी वळून बघायचंस की, दगडा! साऱ्या सुवाने बघितलं, घरच्या भावाने तेवढं नाही."

"वळलो असतो," कालाफी म्हणाला, "तर ती थांबली असती."