शेजारच्या सीटवरचा ब्रेक

त्याला सगळे जावईमास्तर म्हणत. गाडी शिकवायचा म्हणून मास्तर, आणि ड्रायव्हिंग स्कूल सासऱ्यांचं म्हणून जावई. एवढ्यात त्याचं सगळं चरित्र आलं असं म्हणून मोकळं होता आलं असतं, पण मधेच तत्त्वज्ञान आडवं आलं.

लग्न झालं तेव्हा त्याची नोकरी नुकतीच सुटली होती. सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, "दुसरं मिळेपर्यंत बसा गाडीत" म्हणून त्याला बसवलं, ते दुसरं काही मिळालंच नाही. मामा माणूस सोन्यासारखा. राहायला ऑफिसवरची खोली दिली, जावयाला कधी अरे-तुरे केलं नाही, कधी आवाज चढवला नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? शिकायला येणाऱ्यांपैकी कुणी वेळ बदलून मागितली, सवलत मागितली, की ह्याच्या तोंडून ठरलेलं वाक्य निघे, "मामांना विचारून सांगतो." पुढे पुढे तर चहा घेणार का, असं कुणी विचारलं तरी तेच जिभेवर यायचं, आणि तो ते कसंबसं गिळायचा.

गाडी जुनी, छोटी. चालवणाऱ्याच्या शेजारी तो बसे, आणि त्याच्या पायाशी दुसरा क्लच, दुसरा ब्रेक. बाजारामागचा रस्ता, पाण्याच्या टाकीचा चढ, दवाखान्याचा कोपरा, परत ऑफिस. दिवसभर हेच. माणसं शिकून आपापल्या वाटेने जात, आणि तो पुन्हा टाकीच्या चढावर. मामांनी पहिल्याच दिवशी धंद्यातली मेख सांगितली होती. शिकणाऱ्याला आपला पाय कळता कामा नये. तो गडबडला की आपण हळूच ब्रेक दाबायचा आणि वर म्हणायचं, वा, बरोबर वेळी थांबलात. त्याने माणसाला धीर येतो, आणि धीर आलेला माणूस आपल्या मेहुण्यालाही घेऊन येतो.

संध्याकाळच्या कॉलेजात मामांनीच त्याला पाठवलं होतं, हिशेब शिकायला. पुढे धंदा त्यालाच बघायचा होता. प्रवेशाच्या दिवशी वाणिज्याच्या खिडकीसमोर भलीमोठी रांग होती. शेजारच्या खिडकीवर चिटपाखरू नव्हतं, आत एक कारकून जांभया देत होता आणि वर पाटी होती तत्त्वज्ञानाची. काय सुचलं कुणास ठाऊक, तो तिकडे सरकला. बायकोला सांगितलं, मामांना नाही. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याने आपल्या मनाने केली होती. ती लपवून ठेवण्यातसुद्धा त्याला सुख होतं.

शिकवणाऱ्या बाई मात्र कडक होत्या. त्यांचा नियम असा, की वर्ष संपायच्या आत प्रत्येकाने एक प्रश्न आणायचा, स्वतःचा. ज्याला सापडणार नाही त्याने पुढच्या वर्षी खुशाल दुसरा विषय घ्यावा. ह्याने देव आणला, मृत्यू आणला, एकदा तर अख्खं विश्व आणलं. बाई सगळं परत करत. "हे उसने आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतः कुठे अडलात, ते आणा." आता तो कुठे कुठे अडला नव्हता, तेवढंच सांगणं सोपं होतं! पण त्यातलं काहीच त्याला प्रश्नासारखं दिसेना. वर्ष संपत आलं. आपली म्हणून जी एक गोष्ट होती तीही हातची जाणार, ह्या विचाराने त्याचं जेवणावरून मन उडालं.

त्याच सुमाराला एक निवृत्त नर्सबाई गाडी शिकायला आल्या. एका सकाळी दवाखान्याच्या कोपऱ्यावर सायकल आडवी आली आणि गाडी जागच्या जागी थांबली. नेहमीचं "वा" त्याच्या ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "खरं सांगा मास्तर, ब्रेक कुणी दाबला?"

इतकं सरळ त्याला कुणी विचारलं नव्हतं. "मी," तो म्हणाला.

"आणि काल, चढावर?"

"तोही मीच."

बाईंनी गाडी बंद केली आणि हात मांडीवर ठेवले. "मी मुलीला फोन करून सांगितलं हो, की मला यायला लागली गाडी." मागचे लोक हॉर्न वाजवत होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑफिसात आल्यावर नर्सबाईंनी मामांना ऐकवलं, की उद्यापासून ह्यांनी मांडी घालून बसायचं, गाडी धडकली तर धडकली. मामा हसले, बाईंना चहा पाजला, गोड बोलून वाटेला लावलं. मग जावयाला समोर बसवलं. ते रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत.

"जावईबापू, आपला पाय दाखवायचा नसतो," मामा म्हणाले. "आता तुमचंच घ्या. हिशेब शिकायला गेलेला माणूस जेवता जेवता 'मी म्हणजे नक्की कोण' असं विचारतो होय? पहिल्याच महिन्यात संशय आला मला. पोरीला विचारलं, तिनं सांगून टाकलं. म्हटलं, रमताय तर रमा. संध्याकाळची बॅच लोक काय कमी मागतात? पण तुमचा क्लास बुडेल म्हणून नाही लावली. बोललो कधी? अजूनही चालू ठेवा. माझी ना नाही."

नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं. निदान भांडण तरी आपलं झालं असतं. मामांनी हो म्हटलं आणि सगळ्याच वाटा बंद केल्या. त्याच्या तोंडून चक्क आभार निघाले. वर जाऊन बायकोला जाब विचारावा म्हणून तो उठला, आणि जिन्यातच त्याच्या लक्षात आलं, की तिनेही त्याच्या भल्याचंच केलं होतं. घरात सगळे त्याच्या भल्याचंच करत होते. तो तिथेच पायरीवर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तो खरोखर सीटवर मांडी घालून बसला. दवाखान्याच्या कोपऱ्यावर नर्सबाईंनी गाडी थांबवली, छान थांबवली. "आता कुणी?" त्यांनी विचारलं. "तुम्ही," तो म्हणाला. बाईंनी वाकून त्याचे पाय कुठे आहेत ते पाहिलं, आणि मगच गिअर टाकला.

त्या संध्याकाळी तो वर्गात उभा राहिला. आपल्याला न कळता दुसरा कुणी ब्रेक सांभाळत असेल, तर गाडी आपण चालवली म्हणायचं का? आणि तो पाय एकदा कळल्यावर, रस्ता तोच, गाडी तीच, मग हे माझं आहे हे मी कशावरून ठरवायचं? बोलताना त्याचा आवाज कापत होता. देवाच्या आणि मृत्यूच्या वेळी तो कधी कापला नव्हता.

बाईंनी वहीत त्याच्या नावापुढे खूण केली. मग म्हणाल्या, "हा तुमचा. पुढच्या वर्षी तत्त्वज्ञानच घेताय ना?"

त्याला कधी नव्हे इतका आनंद झाला. आणि त्या भरात, विचार करायच्या आधीच, त्याचं तोंड उघडलं.

"मामांना विचारून सांगतो," तो म्हणाला.

वर्गात कुणी हसलं नाही. मामा कोण, हे तिथे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.