उपग्रहासाठी भरलेलं तळं

माझ्या माहेरच्या माणसांनी एकदा उपग्रहाचा पाहुणचार केला. हसू नका, खरंच केला. आणि त्या दिवशी मी इतकी भडकले होते की काकूनं चहाचा कप लांबूनच माझ्याकडे सरकवला.

आधी माझं काम सांगते, म्हणजे राग कळेल. मी निगडीला राहते आणि एका संस्थेत पाण्याचा हिशेब मांडते. अख्ख्या पृथ्वीच्या! पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, नद्यांनी किती वाहून नेलं, किती पाण्याची वाफ झाली, हे सगळं संगणकावर जुळवायचं. एक उपग्रह दर काही आठवड्यांनी आपल्या डोक्यावरून जातो आणि धरणांतल्या, तळ्यांतल्या पाण्याची पातळी मोजतो. ती मापं हातात आली की आमचा हिशेब कुठं फसला ते समजतं.

मोठ्या धरणांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. भांडण होतं गावोगावच्या लहान तळ्यांवरून. आमचे सर म्हणायचे, एवढीशी तळी उपग्रहाला धड दिसतच नाहीत, काढून टाकू. मी म्हणायचे, पाऊस अडवून धरतात ती हीच तळी. ती वगळली तर संगणक सगळं पाणी सरळ नदीत सोडून मोकळा होईल. या एका मुद्द्यावर मी दोन वर्षं घासली होती. शेवटी सर म्हणाले, "एक तळं निवडा आणि दाखवून द्या. नाही जमलं तर विषय संपला."

मी माहेरचंच तळं निवडलं. महाळुंग्याच्या पुढं, कंपन्यांच्या पाठीमागं आमचं गाव आहे. देवळासमोरच्या तळ्यात मी आकडे रंगवलेली लोखंडी पट्टी उभी केली. उपग्रह यायच्या दिवशी पट्टीवरचं पाणी बघायचं आणि उपग्रहाच्या मापाशी ताडून पाहायचं, एवढंच. हिवाळ्यात पाऊस नसतो, पाणी हळूहळू उतरत जातं, म्हणजे कसली भानगड नको. माझे चुलते कंपनीची बस चालवतात. त्यांना मी फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं, "काका, गुरुवारी उपग्रह येणार आहे, आपलं तळं बघायला."

बस्स, इथंच माझं चुकलं.

गुरुवारी सकाळी चाकण चौकातल्या ट्रॅफिकमधून कशीबशी सुटून गावात पोचले, तर तळं काठोकाठ! माझी पट्टी गळ्यापर्यंत बुडालेली. देवळाच्या पायरीवर काका धुतलेला सदरा घालून बसलेले आणि त्यांच्याबरोबर पहिल्या शिफ्टला दांडी मारलेले चार-पाच जण, सगळे मान वर करून.

"काका, हे काय केलंत?"

"काय म्हंजी? वरच्या तळ्याची मोरी उघडली. जत्रेला न्हाई का सोडत आपण पाणी? पाहुणा येणार म्हटल्यावर तळं अर्धं रिकामं दाखवायचं व्हय?"

डोंगराच्या कुशीत आमच्या गावाचं आणखी एक तळं आहे. जत्रेच्या आधी त्याचं पाणी खाली सोडायचं आणि देवळासमोरचं तळं भरून ठेवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. पाहुण्यांपुढं गाव कोरडं दिसता कामा नये. काकांनी तोच मान उपग्रहाला दिला होता.

मी जे सुटले! तळं आहे तसं मोजायचं असतं, त्याला नटवायचं नसतं, माझ्या दोन वर्षांवर तुम्ही शब्दशः पाणी फिरवलंत, असं काय काय बोलले. काकांचं तोंड एवढंसं झालं. "आमाला वाटलं, तुजी शोभा व्हईल," एवढंच म्हणाले. मला आणखीच रडू यायला लागलं. पट्टीवरचा आकडा टिपला आणि निघाले. कासारवाडीपर्यंत मनातल्या मनात भांडतच होते.

मापं हाती आली त्या दिवशी सरांनी पडद्यावर आमचं तळं लावलं. मागच्या फेरीपेक्षा पाणी चढलेलं. सर हळहळलेच. "बघा, पाऊस नाही, पूर नाही आणि पातळी वर? उपग्रहानं भलतंच काहीतरी टिपलंय. एखाद्या कंपनीचं ओलं अंगण असेल. सोडून द्या हा नाद."

सांगायची लाज वाटत होती, पण सांगितलं. मोरी, जत्रा, धुतलेला सदरा, सगळं. खोलीत असा हशा उसळला की शेजारच्या विभागातले डोकावून गेले. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग एकदम थांबून म्हणाले, "मॅडम, वरचं तळं कुठं आहे?"

मी नकाशा सरकवला. डोंगराच्या कुशीत तो छोटा तुकडा सापडला. पाणी उतरलेलं! दोन्ही तळ्यांचा पसारा धरून हिशेब केला, तर खाली जेवढं वाढलं, जवळजवळ तेवढंच वर घटलेलं. माझ्या पट्टीवरचा आकडाही उपग्रहाच्या मापाशी जुळला. संगणकाला हे कधीच सुचलं नसतं. त्याच्या लेखी दोन्ही तळी उतरायला हवी होती. हे उपग्रहानं खरोखर पाहिलं होतं. मी खुर्चीवरून उठून टाळ्याच पिटल्या.

"राहू देत तुमची तळी," सर म्हणाले. "सगळी."

जिन्यातूनच काकांना फोन लावला. आधी माफी मागितली, मग सांगितलं, "काका, त्याला दिसलं! तुम्ही वरनं पाणी सोडलं तेसुद्धा कळलं. आता जगाच्या हिशेबात आपली दोन्ही तळी आहेत."

पलीकडं बसचं इंजिन बंद झालं.

"डोंगरातलंबी दिसलं?" त्यांनी विचारलं.

"दिसलं की."

"पोरी, बसमधली नवी पोरं मला इचारत्यात, काका, हितं कंपन्यांच्या आदी काय होतं? मी म्हनतो, गाव होतं. आता सांगतो त्यास्नी. होतं न्हाई. हाय."