काउंटरवरच्या नियमाचा धनी

“ही पॉलिसी कुणाची?” मी विचारलं.

टेबलाभोवतीच्या चौघांनी एकदम आपापल्या चहाच्या मगमध्ये डोकावून पाहिलं.

बुधवारची सकाळ. माझ्या एका हातात हाउसिंग काउंटरवरून उचकटून आणलेला लॅमिनेट केलेला कागद होता: ‘मूळ व्हिसा कार्ड दाखवल्याशिवाय अर्ज घेतला जाणार नाही.’ दुसऱ्या हातात लॉ सेंटरच्या, म्हणजे फुकट कायदेशीर मदत करणाऱ्या संस्थेच्या वकिलाचं पत्र. कोर्टात जाण्याआधी समोरच्याला शेवटची संधी द्यायची इथे पद्धत आहे, तसलं.

मी लंडनच्या पश्चिमेला एका कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, मॉनिटरिंग ऑफिसर आहे. म्हणजे कौन्सिल कायद्याबाहेर पाऊल टाकत नाही ना, हे बघणारी वकील. कौन्सिल चुकलं की सगळे माझ्याकडे धावतात. एरवी मला कुणी ओळखत नाही.

पत्र ग्रेसबद्दल होतं. ती केअर होममध्ये काम करते, देशात कायम राहायची परवानगी आहे. पण घरमालकाला घर विकायचं होतं आणि शुक्रवारी कोर्टाचे बेलिफ तिला दोन मुलींसकट बाहेर काढणार होते. कौन्सिलकडे तात्पुरत्या घरासाठी ती दोनदा आली आणि आमच्या काउंटरने दोनदा परत पाठवली, कारण कार्ड नाही. कुठून आणणार? सरकारने कार्डंच बंद केली होती. व्हिसा आता ऑनलाइन असतो, फोनवर कोड काढून दाखवायचा. सरकारने बंद केलेली वस्तू आम्ही तिच्याकडे मागत होतो. शिवाय घर जाणाऱ्याचा अर्ज आधी घ्यायचा आणि कागद मग तपासायचे, असा कायदा आहे.

वकिलाने शेवटी विचारलं होतं: हा नियम मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव उद्या दुपारपर्यंत कळवा.

“पॉलिसी नाही ती,” हाउसिंग मॅनेजर डेरेक म्हणाला. “प्रॅक्टिस आहे.”

“फरक काय?”

“पॉलिसीला सही लागते.”

“बरं. ग्रेसचा अर्ज आत्ता घे. धनी नंतर शोधू.”

“पण प्रोसेस...”

“डेरेक, शुक्रवारी त्या मुली दप्तरं घेऊन रस्त्यावर असतील. आणि बंद झालेलं कार्ड कुठे मिळतं, ते जज तुला विचारेल.”

त्याने फोन उचलला.

मग मी सगळ्यांना ईमेल पाठवला: ज्याचा नियम असेल त्याने कळवावं, म्हणजे कोर्टात कोण उत्तर देणार ते ठरेल. तासाभरात तिघांनी आपण रजेवर असल्याचं कळवलं. हाउसिंगने रिसेप्शनकडे बोट दाखवलं, रिसेप्शनने आयटीकडे. आयटी म्हणालं, आम्ही फक्त लॅमिनेटर दुरुस्त केला. खोटं कशाला सांगू, मला मनापासून मजा येत होती.

दुपारी नेहा दाराशी आली. ती काउंटरवर असते. तिशीतली, इथेच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला रोमन लिपीतली आरती हातात धरून उभी राहते, म्हणून मी ऑफिसातही तिची मावशी.

“मावशी, डोन्ट बी अँग्री हां. मी ऑफिसच्या टीम्सवर जुना चॅट शोधली.”

“कुणी मंजूर केलं?”

“डेरेकने डॉक्युमेंट टाकली होता. विचारलं, लीगल ओके? आणि... खाली तुमचा थम्ब्स-अप आहे.”

पाहिलं. दोन वर्षांपूर्वी, गौरी जेवणाचा दिवस. मी रजेवर, एका हाताला पुरण. मंडळाच्या ग्रुपवर दर मिनिटाला कुणाच्या तरी गौरींचा फोटो येत होता आणि प्रत्येकीला अंगठा देणं भागच, नाहीतर वर्षभर रुसवा. त्याच झपाट्यात मी डेरेकलाही दिला. त्याची चार पानं मी आजवर उघडलीच नव्हती. तेव्हा कार्डं मिळत होती एवढंच. नियम तेव्हाही बेकायदाच होता. वीस वर्षं वकिली करून मी शेवटी अंगठाबहाद्दर निघाले.

हसू आलं नाही. लाज वाटली. ग्रेस दोनदा परत गेली होती ती माझ्यामुळे.

“डेरेक म्हणतो, नाव नको. ‘लेगसी अरेंजमेंट’ लिहा, म्हणजे जुनं चालत आलेलं,” नेहा म्हणाली.

मोह झाला. चांगला पाच मिनिटं झाला. मग मी उत्तर लिहिलं: नियम बेकायदा होता, मागे घेतला आहे, ग्रेसचा अर्ज घेतला आहे, मंजुरी माझी होती. खाली पूर्ण नाव. कोर्ट टळलं. बॉसने बोलावून मला जे ऐकवलं ते अतिशय नम्र इंग्रजीत होतं, त्यामुळे जास्त लागलं.

गुरुवारी दुपारी ग्रेस तात्पुरत्या फ्लॅटच्या किल्ल्या घ्यायला आली. तिची माफी मागायची म्हणून मी काउंटरवर थांबले होते. करार अकरा पानांचा. मागे रांग वाढत होती आणि ती एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होती.

डेरेकने घड्याळ पाहिलं. “नुसती शेवटच्या पानावर सही केली तरी चालेल.”

“सॉरी,” ग्रेस मान वर न करता म्हणाली. “न वाचता मी कशालाच हो म्हणत नाही.”

डेरेकने हळूच माझ्याकडे पाहिलं. मी लॅमिनेटरकडे पाहत राहिले.